क्लॅम्प थर्मोकपल प्रोब

क्लॅम्प थर्मोकपल प्रोब : नळी न कापता, तिला भोक न पाडता आतल्या द्रवाचे किंवा वायूचे तापमान बाहेरून कळावे म्हणून नळीवर चिमट्यासारखा लावायचा संवेदक. एसी आणि शीतगृहांच्या दुरुस्तीत तो सर्वाधिक लागतो. गरम पाण्याच्या व वाफेच्या नळ्यांवरही त्याचा उपयोग होतो.

दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक व मोकळी टोके यांच्या तापमानात फरक राहिला, की मोकळ्या टोकांमध्ये अगदी थोडा विद्युत दाब तयार होतो. भौतिकशास्त्रज्ञ टोमास योहान झेबेक यांना हा परिणाम १८२१ साली आढळला. अशा जोडीला थर्मोकपल म्हणतात. क्लॅम्पमध्ये बहुधा ‘के’ प्रकारची, म्हणजे क्रोमेल व अ‍ॅल्युमेल या मिश्रधातूंची जोडी असते. ती दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. म्हणजे तारांकडून मिळतो तो फक्त फरक. मीटर आपल्या सॉकेटपाशीचे तापमान वेगळ्या संवेदकाने मोजतो आणि त्यात हा फरक मिळवून आकडा दाखवतो. म्हणूनच गार खोलीतला मीटर मे महिन्यात गच्चीवर नेऊन लगेच वाचू नये. त्याला काही मिनिटे सावलीत स्थिरावू द्यावे.

क्लॅम्पच्या जबड्यात जोडाचा भाग बहुधा पातळ पट्टीच्या रूपात ताणून बसवलेला असतो. स्प्रिंगच्या जोराने ती पट्टी नळीच्या गोलाईला चिकटते. एका बाजूने नळी तिला आपल्या तापमानाकडे ओढते, दुसऱ्या बाजूने भोवतालची हवा आणि तिला जोडलेल्या तारा. समजा, नळी १० अंशांवर आहे, हवा ३५ अंशांवर, आणि ढिल्या स्पर्शामुळे या फरकाचा दहावा हिस्सा पट्टीत शिरला, तर मीटर १२.५ दाखवेल. मीटर कितीही महाग असला तरी ही चूक त्याला दिसत नाही. ती टाळायची तर सरळ नळीचा तुकडा निवडावा, रंग, गंज वा फोमचा डिंक पॉलिश पेपरने काढून धातू उघडा करावा, आणि क्लॅम्प लावल्यावर त्यावर फोम गुंडाळून घ्यावा. तारेचा काही भागही त्याच फोमखाली नळीला टेकवून ठेवला तर तारेतून येणारी उष्णता कमी होते. आडव्या सक्शन नळीच्या (कॉम्प्रेसरकडे वायू परत नेणाऱ्या नळीच्या) तळाशी तेल वाहते, म्हणून संवेदक तळाला येऊ देऊ नये.

तांबे उष्णता इतकी सहज वाहून नेते की तांब्याच्या नळीचा पृष्ठभाग व आतला प्रवाह यांत फारसा फरक उरत नाही. प्लास्टिकच्या नळीवर मात्र हे तंत्र जवळजवळ निरुपयोगी आहे. चकचकीत तांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखणेही तितकेच फसवे: असे तांबे स्वतःची प्रारणे फार थोडी सोडते आणि आसपासच्या वस्तूंची परावर्तित करते.

शीतनात या आकड्याला अर्थ येतो तो दाबाच्या जोडीने. आर-४१०ए या शीतक वायूच्या यंत्रात सक्शनकडचा दाबमापक (गेज) ११८ पीएसआय दाखवत असेल, तर त्या दाबाला हा वायू सुमारे ४.५ अंशांवर उकळतो. त्याच जागी नळी ११ अंश असेल, तर या दोहोंतला फरक, म्हणजे सुपरहीट, साडेसहा अंश. सुपरहीट शून्याजवळ आले की द्रव कॉम्प्रेसरकडे परतण्याचा धोका असतो. फार वाढले तर वायू कमी आहे किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (दाब उतरवून द्रव थंड भागात सोडणारी झडप) पुरेसा सोडत नाही अशी शंका घ्यावी. ‘पाइप हाताला गार लागतोय, गॅस बरोबर आहे’ हा निवाडा अजूनही सर्रास दिला जातो. पण ५ अंश आणि ११ अंश हाताला सारखेच गार लागतात, आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य नेमके त्या फरकावर ठरते.

इथे अचूकतेचा प्रश्न गंभीर होतो. ‘के’ प्रकारच्या दुसऱ्या दर्जाच्या तारेला आंतरराष्ट्रीय मानक अधिक-उणे २.५ अंशांची सूट देते. साडेसहा अंशांच्या मोजमापात ही सूट फार मोठी आहे. तांबे व कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांची ‘टी’ जोडी पहिल्या दर्जात अर्ध्या अंशापर्यंत येते. थर्मिस्टरचे, म्हणजे तापमानानुसार विद्युत रोध बदलणाऱ्या संवेदकाचे, क्लॅम्पही या कामाला चांगले.

घरगुती स्प्लिट एसीत एक अडचण वेगळीच असते. बहुतेक यंत्रांत कॅपिलरी (दाब उतरवणारी केसासारखी बारीक नळी) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बाहेरच्या युनिटमध्येच असतो, त्यामुळे खोलीकडे जाणाऱ्या बारीक नळीतही कमी दाबाचे थंड मिश्रणच वाहते. तिच्यावर क्लॅम्प लावून सबकूलिंग, म्हणजे द्रव त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा किती थंड आहे ते, काढता येत नाही. अशा यंत्रात वायू वजन करून भरणेच खात्रीचे.

वाफेच्या नळ्यांवर, उदाहरणार्थ साखर कारखान्यात किंवा दुग्धशाळेत, स्टीम ट्रॅप (वाफ अडवून साचलेले पाणी बाहेर सोडणारी झडप) तपासताना प्रवेशाकडील तापमान उपयोगी पडते. ७ बार गेज दाबाची संपृक्त वाफ सुमारे १७० अंशांवर असते. ट्रॅपआधीची नळी त्याहून बरीच थंड असेल तर पाणी तुंबले आहे. ट्रॅपनंतरची नळी मात्र दिशाभूल करते. परतीची नळी वातावरणाला खुली असेल तर ट्रॅप नीट असो वा गळका, ती १०० अंशांच्या आसपासच राहते, म्हणून गळतीसाठी श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या उंच) ध्वनीच्या तपासणीची जोड घ्यावी लागते. शिवाय अनेक क्लॅम्प दीडशे अंशांच्या आसपासच थांबतात आणि त्यांचा जबडा साधारण ३५ मिमी व्यासापर्यंतच उघडतो. मोठ्या नळीला पट्ट्याने बांधायचा प्रोब लागतो.

क्लॅम्प तपासण्यासाठी तांब्याच्या रुंद नळीचे एक टोक बंद करून तिच्यात बर्फाचा चुरा व पाणी भरावे, बाहेरून क्लॅम्प लावून फोम गुंडाळावा. आकडा शून्याजवळ यायला हवा. नुसते टोक बर्फाच्या पाण्यात बुडवले तर तारांची परीक्षा होते, स्पर्शाची होत नाही. पट्टी झिजली, वाकली किंवा सैल पडली असेल, तर ती बदलावी. अनेक क्लॅम्पना ती सुटी मिळते.