गुलाबी पिशवी, काळी पिशवी

डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी झाली की अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. अशी ठिणगी बोटाला जाणवते तेव्हा अंगावर साधारण 3,000 व्होल्ट साठलेले असतात. काही नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतच दगावतात. म्हणून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आयसी, म्हणजे अशी चिप, घेतली, तर ती भार साठू न देणाऱ्या गुलाबी किंवा काळ्या पिशवीतून, नाहीतर काळ्या फोममध्ये टोचून मिळते. परवा ती पिशवी बघून भाच्यानं विचारलं, "मामा, प्लॅस्टिक तर विद्युतरोधक ना?"

साधं पॉलिथिन रोधकच. पण काळ्या पिशवीसारखी त्यात बारीक काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली तर रोध एकावर बारा शून्यं इतक्या पटींनीही उतरू शकतो. गंमत आहे ती या उतरण्यात. काजळी दुप्पट केली म्हणून वहन दुप्पट होत नाही. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग रोध एकदम कड्यावरून कोसळतो.

मुठेच्या पात्रात डोळे मिटून दगड टाकत राहा. दहा टाकले, पन्नास टाकले, तरी कोरड्या पायानं पलीकडे जाता येत नाही. मग एक दगड असा पडतो की या काठापासून त्या काठापर्यंत वाट जुळते. त्या दगडात विशेष काही नसतं. आधीच्यांनी तयारी करून ठेवलेली असते. 1957 साली ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली या संशोधकांनी याचं गणित मांडलं. त्याचं इंग्रजी नाव परकोलेशन, आपल्या पाझर तलावातला पाझर. सारख्या आकाराचे गोल कण कसेही विखुरले, तर साधारण 16 टक्के घनफळाला वाट जुळते. काजळीचे कण द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे त्यांना कमी पुरतं. लांबट कार्बन नॅनोट्यूबना, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना, तर एक टक्काही लागत नाही.

शिवाय इलेक्ट्रॉनला दगड अगदी खेटून लागत नाहीत. काही नॅनोमीटरची फट तो क्वांटम टनेलिंगनं ओलांडतो; मात्र फट जराशी वाढली की ही शक्यता घातांकी वेगानं घसरते. म्हणून प्लॅस्टिकची पातळ फिल्म ताणली की रोध बदलतो. दाबून केलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यात जमलेली कृती फुगवून काढलेल्या फिल्ममध्ये फसते, कारण फुगवताना साखळ्या तुटतात.

म्हणजे पूर्ण रोधक सोपा, बऱ्यापैकी वाहक सोपा. पिशवीला मात्र मधला रोध हवा, भार सावकाश निघून जाईल इतका; आणि कड्याच्या मधोमध उभं राहणं अवघड. काजळीचं प्रमाण अर्धा टक्का इकडेतिकडे झालं तरी माल बिघडू शकतो.

(2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे हीगर, मॅकडायरमिड आणि शिराकावा यांचा मार्ग निराळा. त्यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडिन देऊन रेणूच वाहक केला. तो विषय पुन्हा कधी.)

गुलाबी पिशवी या कड्याच्या वाटेलाच जात नाही. तिच्यातलं एक साबणासारखं रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं, हवेतला ओलावा धरतं, आणि त्या पातळ थरातून विद्युतभार सावकाश निघून जातो. गुलाबी रंग फक्त ओळखीसाठी. याच पिशवीचे तुकडे 'मोबाईलचं रेडिएशन शोषणारे' म्हणून कुणी विकले, तर पैसे पाकिटातच ठेवा. ती रेडिओलहरी अडवत नाही.

आणि तिला ओलावा लागतो, म्हणजे पुण्याच्या कोरड्या डिसेंबरात, नेमकी गरज असते तेव्हाच, ती थोडी कमी पडते. भाच्याला हे फार आवडलं.