ऑर्डर देण्याआधी: आकडा, ताटं आणि उरलेलं अन्न

मुंज असो, बारसं असो की गणपतीतला महाप्रसाद, जेवणाची ऑर्डर द्यायला येण्याआधी हे पत्रक वाचून या. आमच्या काही अटी बदलल्या आहेत. त्या का बदलल्या, ते यात आहे.

सगळ्यात आधी माणसांचा आकडा. घरी हिशेब होतो 90 जणांचा, पण "कमी पडायला नको" म्हणून आम्हाला 110 सांगितले जातात. मग आमचा आचारीही "कमी पडायला नको" म्हणत आणखी 10 पानं धरतो. 90 माणसांना 120 जणांचा स्वयंपाक! आमच्याकडे अन्न वाया जायचं ते मुख्यतः इथेच. ताटात टाकलेलं त्यामानाने थोडं. म्हणून आता तुम्ही 3 दिवस आधी खरा आकडा सांगायचा आणि वाढीव काय धरायचं ते आम्ही ठरवायचं. तेही सरसकट नाही. पहिली पंगत बसली की दुसरा भात चढतो, पुऱ्या लागतील तशा तळल्या जातात. वरण आणि बटाट्याची भाजी थोडी जास्त असते. कमी पडलं तर जबाबदारी आमची, तसं बिलावर लिहून देतो.

बुफे हवा की पंगत, ते तुम्ही ठरवा. आमच्या अनुभवात पंगतीत कमी टाकलं जातं, फक्त जिलबीचा आग्रह पानात टाकून नाही, विचारून करावा.

आपलं इंदूर 2017 पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं येतंय, मग उरलेलं ओल्या कचऱ्यात गेलं तर बिघडलं कुठे, असं काही जण विचारतात. देवगुराडियाचा गोबरधन प्रकल्प, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा कारखाना, फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. रोज 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे आणि त्याच्या गॅसवर शहरात बसही धावतात. आमची सालं, देठं, टरफलं तिकडेच जातात आणि जावीत. पण श्रीखंड काही गॅस करण्यासाठी घोटलेलं नसतं. चक्का टांगल्यावर गळणारं आंबट पाणीसुद्धा आम्ही कढीत वापरतो.

आता ताटं. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तेव्हा ते मागू नका. वरून चकचकीत दिसणाऱ्या कागदी प्लेटाही आम्ही देत नाही. त्यांच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरकट्या झाल्या की त्या ना ओल्या कचऱ्यात बसतात, ना सुक्या. 60 माणसांपर्यंत आमची स्टीलची ताटं येतात, त्याहून जास्त असतील तर पळसाच्या पत्रावळी. स्टील सगळ्यांनाच का नाही? धुवायला पाणी लागतं म्हणून. आपल्या नळाचं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर पंपाने चढवून आणलेलं असतं. पाण्याच्या छोट्या बाटल्या मात्र पूर्ण बंद. पिंप, तांब्या आणि पेले आम्ही आणतो.

तळणीचं तेल हा नाजूक विषय आहे. पूर्वी उरलेलं तेल आम्हीही भजी-वड्यांच्या गाडीवाल्यांना विकत असू, हे लपवण्यात अर्थ नाही. तेल पुनःपुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, वाढत जातात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम 2018 पासून आहे. आता आमचं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांकडे जातं. त्यामुळे तळणीच्या पदार्थांचा दर थोडा चढा आहे.

जेवणं आटोपली की पातेल्यात राहिलेलं, न वाढलेलं अन्न तुमचंच. मे महिन्यात मात्र 2 तासांहून जास्त बाहेर राहिलेलं आम्ही बांधून देत नाही, रागावलात तरी. शक्यतो घरचे डबे आणा. नसतील तर आमचे स्टीलचे मिळतील, डब्यामागे 200 रुपये अनामत. डबे बहुतेक परत येतात, झाकणं येत नाहीत. झाकण नसेल तर 50 रुपये कापून अनामत मिळेल.