इंग्रजी भाषेची जडणघडण

ब्रिटन बेटावर एकामागून एक आलेले लोक आणि नंतर आलेला छापखाना यांनी मिळून साधारण दीड हजार वर्षांत आजची इंग्रजी घडवली. शाळेत आपण सगळ्यांनी नाइफच्या सुरुवातीचा के घोकलाय, पण उच्चारच नाही तर तो लिहायचा कशाला हे कोणी सांगत नाही, आणि मला तर वाटतं या भाषेचा निम्मा इतिहास त्या एका के मधेच आहे.

बेटावर आधी केल्टिक भाषा होत्या, त्यांची आठवण थेम्स, एव्हन अशा नद्यांच्या नावांत उरलीय. रोमन इ.स. ४३ मधे आले आणि ४१० च्या सुमारास गेले. इंग्रजीची खरी सुरुवात पाचव्या शतकात झाली, आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट टोळ्या आल्या तेव्हा. इंग्लिश हे नावही अँगल लोकांवरूनच पडलं. हाउस, वॉटर, मदर, ईट असे घरातले शब्द अजून त्यांचेच आहेत. ५९७ मधे रोमहून मिशनरी आले आणि त्यांच्यासोबत रोमन लिपी रुळली.

मग व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातून जहाजांनी आलेले लोक. ७९३ मधे लिंडिसफार्नच्या मठावर त्यांनी धाड घातली हे प्रसिद्ध आहे, पण भाषेवर परिणाम झाला तो पुढे, त्यातले बरेच जण तिथेच शेती करून राहिले, शेजारी झाले, सोयरिकी झाल्या तेव्हा. स्काय, एग, विंडो, हजबंड हे शब्द त्यांचे, आणि नाइफही, तेव्हा क्नीफ, के चा पूर्ण उच्चार करून. दे आणि देम ही सर्वनामंसुद्धा त्यांचीच, सर्वनामं उसनी घेण्याइतकी जवळीक भाषांमधे क्वचितच होते.

१०६६ मधे हेस्टिंग्जची लढाई जिंकून फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम राजा झाला आणि दरबार, कायदा सगळं फ्रेंचमधे गेलं. जज, कोर्ट, पार्लमेंट तिथून आले. गोठ्यातली ती काऊ आणि शीप, ताटात आली की बीफ आणि मटन, कारण राखणारे इंग्रज आणि खाणारे फ्रेंच बोलणारे. लेखनिकही फ्रेंच वळणाचे, क्नीफ आधी सी ने लिहायचे तो त्यांच्या हातून के झाला. कोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालवावं असा कायदा व्हायला १३६२ उजाडलं.

१४७६ मधे विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. त्याची अडचण त्यानेच लिहून ठेवलीय: काही व्यापारी थेम्सच्या मुखाजवळ अडकले, एकाने किनाऱ्यावरच्या बाईकडे एग्ज मागितली, ती म्हणाली मला फ्रेंच येत नाही, तो भडकला कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं, शेवटी दुसऱ्याने एयरेन म्हटलं तेव्हा तिला कळलं की अंडी पाहिजेत. एक शब्द व्हायकिंगांचा, दुसरा जुना इंग्रजी, मग छापायचा कुठला?

आणि नेमक्या त्याच काळात दीर्घ स्वर सरकत होते, साधारण १४०० ते १७०० या काळात हूसचं हाउस झालं, क्नीफमधल्या ई चा आय झाला. नेमचा उच्चारही आधी नामं असा होता, आपल्या नाम शब्दाचाच तो लांबचा भाऊ. सतराव्या शतकात तो के सुद्धा बोलण्यातून गेला, पण तोवर छापखान्यांत स्पेलिंग बरंचसं पक्कं झालं होतं. १७५५ मधे सॅम्युअल जॉन्सनची डिक्शनरी आली आणि ते आणखी घट्ट झालं. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने कलरमधला यू काढला, नाइफचा के मात्र तसाच राहिला.

पुढे व्यापार आणि साम्राज्यामुळे जगभरचे शब्द आले, भारतातून लूट, जंगल, बंगला. मराठीचं मुंगूसही गेलं, पण तिथल्या लोकांनी ओळखीच्या शब्दासारखं करत त्याच्या शेवटी गूस म्हणजे हंसाचं स्पेलिंग जोडलं, पण शब्द मुळात गूसचा नाही, म्हणून गूसचं अनेकवचन गीस होतं, मंगूसचं मात्र मंगूसेस.