दुर्बिणीतून स्टेंट टाकला, पण नेमका कुठे?

सायकलचं हँडल किंवा गाडीचं स्टिअरिंग पोटात घुसलं की स्वादुपिंड मागच्या मणक्यावर चेपलं जातं. वरून साधं खरचटलेलंही नसतं, आत मात्र ते मधोमध चिरतं. पहिल्या काही तासांत रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) नॉर्मल येऊ शकतं, सीटी स्कॅनही फसवतो. पुढे कधीतरी घरच्यांना कळतं की ‘दुर्बिणीतून स्टेंट टाकलाय’. पण या एकाच वाक्यामागे दोन निराळे उपचार असू शकतात.

पहिला ईआरसीपीचा. दुर्बीण तोंडावाटे जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचते. स्वादुपिंडाची मुख्य नळी तिथेच उघडते. त्या तोंडातून डाय सोडून एक्स-रेवर गळती शोधतात आणि बारीक तार आत सरकवतात. नळी अर्धवट फाटली असेल तर तार फाटलेल्या जागेच्या पलीकडे जाते. मग तिच्यावरून 5 किंवा 7 फ्रेंचचा, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा स्टेंट बसवतात. स्वादुपिंडाच्या पाचक रसाला आतड्याकडे जायला सोपी वाट मिळाली की तो पोटात सांडायचा थांबतो आणि फट भरून येते. सगळी मदार तार पलीकडे जाण्यावर. नळीचे दोन तुकडेच झाले असतील तर ती बहुधा जात नाही, आणि अनेकदा स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग ऑपरेशन करून काढावा लागतो.

दुसरा उपचार नळीला हातच लावत नाही. सांडलेला रस जठरामागे साचतो, भोवती भिंत धरते, हा स्यूडोसिस्ट. इथे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो. मध्ये रक्तवाहिनी नाही ना, हे डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पाहून जठराच्या भिंतीतून सुई थेट सिस्टमध्ये घालतात आणि त्या वाटेत स्टेंट ठेवतात. रस जठरात उतरतो. यात घाई चालत नाही, भिंत पक्की व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. शिवाय प्रत्येक सिस्टला हे लागतंच असं नाही. त्रास न देणाऱ्या कितीतरी सिस्ट आपोआप जिरतात. नुसता आकार बघून घाबरू नये. दुखणं, उलट्या, ताप हे महत्त्वाचं.

रक्तदाब कोसळलेला असेल किंवा आतडं फुटलं असेल तर हे दोन्ही उपचार बाजूला ठेवून आधी ऑपरेशन.

माझ्या मते ही गल्लत खरी नडते ती स्टेंट काढायच्या वेळी. नळीतला स्टेंट काही आठवड्यांनी-महिन्यांनी काढावा किंवा बदलावा लागतो, कारण तो तुंबतो आणि नळी आकसू शकते. जठरातून घातलेला रुंद धातूचा स्टेंट साधारण 3-4 आठवड्यांत काढतात, राहिला तर रक्तस्रावाची भीती. उलट नळी पुरती तुटलेली असेल तर जठरातून घातलेले वेटोळ्या टोकांचे प्लास्टिकचे स्टेंट मुद्दाम वर्षानुवर्षं राहू देतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर स्टेंट कोणता, कुठे आणि कधी काढायचा, हे तिन्ही लिहून घ्या.