एक्सेलमधली तारीख आणि धरणाचा खोटा कडा

जुलैच्या मध्यावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक ग्राफ आला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साठा. पहिले तीन ठिपके हळूहळू वर चढणारे, आणि चौथ्याकडे जाणारी रेष कड्यासारखी उभी. पाच मिनिटांत प्रश्न सुरू झाले. पाणी सोडणार का? नदीपात्रातला भिडे पूल बंद होणार का? एका आजींनी विचारलं, भिंतीला काही धोका नाही ना? पानशेत धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ चा दिवस ज्यांच्या घरात आठवणीतून जिवंत आहे, त्यांच्या तोंडी हा प्रश्न साहजिक आहे.

ग्राफ शेजारच्या काकांचा. निवृत्त झाल्यापासून ते पावसाळ्यात रोज पेपरातला धरणसाठा एक्सेलमध्ये उतरवून घेतात. मी त्यांच्याकडे गेलो आणि शीट उघडून पाहिली. समजायला सोपं जावं म्हणून आकडे इथे ठोकळमानाने देतो, टीएमसी या धरणसाठ्याच्या मापात: १ जुलैला ५ टीएमसी, २ जुलैला साडेपाच, ३ जुलैला सहा. मग काका गावी गेले. परतल्यावर १३ जुलैचा आकडा भरला, ११ टीएमसी.

आता हिशोब करू. ३ ते १३ जुलै म्हणजे दहा दिवस आणि वाढ पाच टीएमसीची. म्हणजे रोज अर्धा टीएमसी. पहिल्या दोन दिवसांतही रोज अर्धाच टीएमसी वाढला होता. या चार नोंदी खरं तर एका सरळ रेषेत बसतात! कडा धरणात नव्हता, तो ग्राफच्या आडव्या अक्षावर तयार झाला होता. १ ते २ जुलै आणि ३ ते १३ जुलै या दोन्ही अंतरांना एक्सेलने सारखीच जागा दिली होती.

असं का झालं, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, कारण यामागची युक्ती मला फार आवडते.

आपल्याला तारीख म्हणजे दिवस, महिना, वर्ष. एक्सेलच्या पोटात तारीख नावाची गोष्टच नसते, असते फक्त संख्या. १ जानेवारी १९०० हा दिवस १, दुसरा २, आणि तिथून रोज एकेक वाढवत मोजणी चालू. १ जानेवारी २००० ला ही संख्या ३६५२६ झाली. पानशेत फुटलं तो दिवस २२४७४. काकांच्या शीटमधला १ जुलै २०२४ म्हणजे ४५४७४. वजाबाकी करा: बरोबर २३,०००. पानशेतला त्या दिवशी नेमके तेवीस हजार दिवस झाले होते. लीप वर्षं मोजायची नाहीत, महिना तीसचा की एकतीसचा ते आठवायचं नाही. एका सेलमधून दुसरी वजा केली की झालं. सेलमध्ये दिसणारी '०१-०७-२०२४' ही अक्षरं केवळ पोशाख आहे. सेलचं फॉरमॅट 'नंबर' करा, आतला ४५४७४ बाहेर येतो.

वेळही याच संख्येत राहते, अपूर्णांकाच्या रूपात. दुपारचे बारा म्हणजे अर्धा दिवस, ०.५. सकाळचे साडेआठ म्हणजे साडेआठ भागिले चोवीस, ०.३५४. हवामान खातं पावसाचा रोजचा आकडा सकाळी साडेआठला घेतं, आधीच्या चोवीस तासांचा. म्हणून '१३ जुलैचा पाऊस' १२ तारखेच्या सकाळी साडेआठपासून मोजलेला असतो. त्या नोंदीची खरी जागा ४५४८६.३५४.

या मोजणीत एक जुनी चूकही जपून ठेवली आहे. एक्सेलच्या मते २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस होऊन गेला. त्याचा क्रमांक ६०. ग्रेगरियन नियमाने शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप असतं, म्हणजे १९०० लीप नव्हतं. पण लोटस १-२-३ या आधीच्या लोकप्रिय प्रोग्राममध्ये तो दिवस होता आणि त्यातल्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने तो तसाच घेतला. लिबरऑफिस आणि गूगल शीट्सनी शून्याची तारीख ३० डिसेंबर १८९९ धरली, त्यामुळे मार्च १९०० पासून पुढे सगळ्यांचे क्रमांक जुळतात. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी कुणी एक्सेलमध्ये भरायला घेतल्या, तर १९०० च्या आधीच्या तारखा तारखा म्हणून स्वीकारल्याच जात नाहीत.

काकांनी मराठी कीबोर्डवरून '१ जुलै' असं लिहिलं होतं. त्यांच्या इंग्रजी सेटिंगच्या एक्सेलला त्यात तारीख दिसली नाही, मजकूर दिसला. मजकुराला अंतर नसतं. 'सोनचाफा', 'मोगरा', 'जाई' यांमध्ये किती दिवस आहेत असं कुणी विचारत नाही. तसंच '३ जुलै' आणि '१३ जुलै' ही दोन लेबलं शेजारीशेजारी बसवली गेली. ओळखायची खूण सोपी आहे. आपण अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे.

याहून फसवी चूक अमेरिकन सेटिंगच्या कॉम्प्युटरवर होते. तिथे महिना आधी. १/७ हा ७ जानेवारी होतो, २/७ हा ७ फेब्रुवारी, असं करत १२/७ हा ७ डिसेंबर. १३/७ पासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे सगळा मजकूर. जुलैच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस वर्षभर दर महिन्याच्या सात तारखेला पडलेला दिसतो! म्हणून मी नेहमी २०२४-०७-१२ असं वर्ष आधी लिहितो.

खऱ्या तारखा भरल्यावरही कोणता ग्राफ निवडता याला महत्त्व आहे. लाइन चार्ट खऱ्या तारखा ओळखून दिवसांचं अंतर पाळतो, पण त्याचं सर्वांत लहान माप एक दिवस. तासातासाच्या नोंदी दिल्या तर एका दिवसाचे सगळे ठिपके एकाच उभ्या रेषेवर चढतात. तिथे स्कॅटर चार्ट घ्यावा; तो अपूर्णांकासकट संख्या जशीच्या तशी मोजतो. मात्र त्यालाही मजकूर दिलात तर तो मुकाट्याने १, २, ३, ४ धरतो.

एवढा आग्रह कशासाठी? कारण साठ्याच्या ग्राफमध्ये चढाला भौतिक अर्थ आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. रोज अर्धा टीएमसी वाढ म्हणजे सेकंदाला ५,७८७ घनफूट, पेपरच्या भाषेत ५,७८७ क्युसेक. येणारा येवा वजा सोडलेला विसर्ग, वजा थोडं बाष्पीभवन, यांची बाकी म्हणजे तो चढ. काकांच्या आधीच्या ग्राफवर शेवटचा चढ दहापट दिसत होता. लोक घाबरले ते सुमारे ५८ हजार क्युसेकला, जे कधी आलंच नव्हतं.

पावसासाठी मात्र रेष काढू नये. साठा ही त्या क्षणाची पातळी असते, म्हणून दोन ठिपके जोडणं योग्य. पाऊस चोवीस तासांत जमा झालेला असतो; १२ तारखेच्या आणि १३ तारखेच्या आकड्यांमधल्या तिरप्या रेषेवरच्या बिंदूला काही अर्थ नाही. तिथे स्तंभ हवेत. आणि जिथे नोंद नाही तो सेल रिकामा ठेवावा. शून्य लिहिलं की पाऊस पडला नाही असं आपण ठामपणे सांगतो.

याच शीटमध्ये काकांचा एक कॉलम नक्षत्राच्या वाहनाचा होता. यंदा मृगाचं वाहन काय, बेडूक की म्हैस, यावरून पाऊस ठरतो ही समजूत पुण्यात शिकलेल्या घरांतही आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकीवरून वाहन. या गणितात वाऱ्याला जागा नाही, बाष्पाला नाही, सह्याद्रीलाही नाही. बाकी टेमघरला आणि शिवाजीनगरला एकच येते, आणि पाऊस टेमघरला शिवाजीनगरच्या कितीतरी पट पडतो. हे एकच निरीक्षण त्या समजुतीला पुरेसं उत्तर आहे. मी काकांना कॉलम खोडायला सांगितलं नाही. पावसाचे स्तंभ शेजारी काढा आणि चार-पाच वर्षं पाहा, एवढंच म्हणालो.

ऑगस्टमध्ये काकांनी खडकवासल्याचा एकट्याचा ग्राफ काढला, या वेळी खऱ्या तारखांवर. रेष चढत गेली आणि १.९७ टीएमसीवर आडवी झाली. "आता शांत झालं म्हणायचं का?" त्यांनी विचारलं. त्याच दिवशी मुठा दुथडी भरून वाहत होती. खडकवासला भरलं की जेवढं येतं तेवढं सोडावं लागतं, चढ शून्य होतो, आणि रेष सपाट दिसत असताना नदी सर्वांत जोरात असू शकते. काकांनी त्या रात्री शीटमध्ये एक कॉलम वाढवला: विसर्ग, क्युसेकमध्ये, तारखेसोबत वेळ लिहून.