चित्रावरून नाव मिळालेले डॉल्फिन: एका वादाची पार्श्वभूमी

कमानदार पाठ, जाड ओठ आणि अंगावर खवले ही राजचिन्हांतली डॉल्फिनची ठेवण छापील ग्रंथांतूनही बराच काळ हटली नाही. 1551 मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने पॉरपॉइजचा (डॉल्फिनसारख्या सागरी सस्तन प्राण्याचा) गर्भ गर्भाशयासह चित्रित केला होता. मात्र पुढच्या अनेक खोदकारांनी प्राणी न पाहता जुन्याच चित्रांच्या नकला केल्या. खरी अडचण निराळीच होती. किनाऱ्याला लागलेला देह स्वतःच्या वजनाने पसरतो, कातडी लवकर काळवंडते, आणि ज्या करड्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून प्रजाती ओळखायची, तेच आधी पुसट होतात.

यातूनच एकोणिसाव्या शतकातला तो वाद उभा राहिला: प्राण्याचा नमुना हाती नसताना केवळ चित्रावरून प्रजातीला नाव देता येते का? 1817 ते 1820 या काळात जगप्रदक्षिणेवर गेलेल्या एका फ्रेंच मोहिमेतील निसर्ग-अभ्यासकांनी दक्षिण प्रशांत महासागरात काळ्या-पांढऱ्या डॉल्फिनचे जहाजावरूनच रेखाटन केले. हाती ना कवटी होती, ना कातडे; तरीही 1824 मध्ये त्याच रेखाटनाच्या आधारे नवी प्रजाती जाहीर झाली. त्याच मोहिमेने 1819 मध्ये डोक्यावर जादा पर (माशासारखा पंख) असलेले डॉल्फिनही पाहिले आणि त्यांनाही नाव दिले. दोन्ही नोंदींमागचे डोळे तेच, पद्धतही तीच. पहिली नोंद टिकली आणि दुसरी शंकास्पद ठरून बाजूला पडली. याचे श्रेय रेखाटनाच्या अचूकतेला देण्याचा मोह होतो, पण पहिल्या नोंदीला आधार मिळाला तो फार उशिरा आणि अगदी मोजक्या संख्येने हाती आलेल्या नमुन्यांमुळे.

नमुना नाही तर नाव नाही, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु नमुनाही फसवतो. इंग्लंडमधील एका नदीत सापडलेल्या डॉल्फिनचे बोथट दात हे त्याचे वेगळेपण मानून ठेवलेले प्रजातीचे नाव 1821 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात ते वयोमानाने झिजलेले होते, आणि नाव मात्र अजून चालू आहे. पुढे नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीही मधला मार्ग काढला: 1931 पूर्वी चित्रासह प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरता येते, मात्र आधारभूत नमुना (ज्याला ते नाव कायमचे बांधलेले असते तो प्राणी) म्हणून चित्र नव्हे, तर चित्रातला प्राणी मोजला जातो, मग तो समुद्रात निघून गेलेला का असेना. ही तडजोड कागदावर सुबक असली, तरी पडताळणीचा प्रश्न ती सोडवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भर कवटीच्या चित्रफलकांवर गेला आणि बाह्यरूपाचे चित्रण मागे पडले. ते पुन्हा पुढे आले ते समुद्रावरील निरीक्षणे वाढल्यावर. 1970 च्या दशकातील ओळख-पुस्तिका जहाजावरच्या निरीक्षकासाठी होत्या, म्हणून त्यांत अख्ख्या देहाबरोबरच पाण्याबाहेर दिसणारी पाठ, पराचा आकार आणि उसळी घेण्याची ढब यांनाही जागा मिळाली.