स्प्रिंकलरला फॉर्म बी वाचता येत नाही

गेल्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीत पॅसेजचं पेंटिंग झालं. पेंटर मन लावून काम करणारा होता, इतका की भिंती, सीलिंग, पाइप आणि आग लागली की पाणी शिंपडणारे, पाइपला लटकलेले स्प्रिंकलर, सगळं त्यानं एकाच ऑफव्हाइटमध्ये रंगवून टाकलं आणि आम्ही कमिटीवाले खाली उभे राहून म्हणालो, वा, काय चकाचक दिसतंय. जानेवारीत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, त्यासाठी एजन्सीचा माणूस आला, त्यानं मान वर केली आणि म्हणाला, हे अकरा हेड, म्हणजे स्प्रिंकलरच्या तोट्या, बदलायला लागतील. खरवडून नाही का चालणार? नाही म्हणाला. मला वाटलं हा बिल वाढवतोय. घरी येऊन वाचत बसलो तर माणूस शंभर टक्के बरोबर होता.

काढलेला एक हेड मी मागून घेतला, अजून टेबलावर आहे. मधोमध काचेची छोटीशी कांडी, इंजेक्शनच्या अँप्यूलची आठवण येते, आत लाल पातळ पदार्थ आणि त्यात एक बुडबुडा. अख्खी करामत त्या बुडबुड्याची आहे. हवा तापली की आतलं द्रव प्रसरण पावतं, बुडबुडा आक्रसत जातो, आणि एकदा तो संपला की द्रवाला जायला जागाच उरत नाही, दाब एकदम वाढतो आणि काच फुटते. कांडीनं दाबून धरलेलं झाकण उडतं आणि पाणी सुटतं. लाल रंग म्हणजे ६८ अंश सेल्सिअसला फुटणार, पिवळा ७९, हिरवा ९३. वायर नाही, सेन्सर नाही, बॅटरी नाही. धुरानं फुटत नाही, अगरबत्तीनं तर नाहीच. आणि पिक्चरमध्ये दाखवतात तसं एक फुटला की सगळ्या मजल्यावर पाऊस, असंही होत नाही, जो तापला तोच फुटतो. अशा आपोआप चालणाऱ्या हेडचं पेटंट १८७४ सालचं आहे, अमेरिकेतल्या हेन्री पार्मलीचं, आणि त्यानं तो बनवला होता आपला पियानोचा कारखाना वाचवायला! तेव्हा काचेच्या जागी कमी तापमानाला वितळणारा धातू असायचा.

आता याच्यावर रंगाचा थर दिला की काय होतं? कांडीला स्वेटर घातल्यासारखं होतं, उष्णता आत पोचायला उशीर लागतो, वर झाकण रंगानं चिकटून बसायची भीती वेगळीच. खरवडायला जावं तर काचेला बारीक तडा जाऊ शकतो. आणि इथे उशीर परवडत नाही, कारण बंद खोलीतली आग सरळ रेषेत वाढत नाही. सोफा पेटला की गरम वायू छताखाली साठत जातात, तो थर साधारण ६०० अंशाला पोचला की त्याच्या झळीनंच खोलीतल्या बाकी वस्तू जवळपास एकदम पेट घेतात. त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. स्प्रिंकलरचं काम त्याच्या आधीचं आहे.

मग एवढ्याशा तोटीचं पाणी पुरतं का? नेहमीच्या हेडला १ बार दाब मिळाला तर मिनिटाला ८० लिटर पाणी पडतं. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळजवळ आठपट ऊर्जा त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते, आणि ही सगळी उष्णता पाणी आगीकडून ओढून घेतं. हिशोब केला तर, निम्मंच पाणी वाफ झालं असं धरलं तरी, एक हेड २ किलोवॉटचे आठशेच्या वर गीझर जेवढी उष्णता देतील तेवढी खेचून घेऊ शकतो. शिवाय आजूबाजूचा पडदा, गादी भिजते ते वेगळंच.

पण हे सगळं १ बार मिळाला तर. आणि गाडी इथेच अडकते. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ बार खर्च होतो. वीस मजली बिल्डिंग ६० मीटर धरली तर नुसतं वर पोचायलाच ६ बार गेले, मग पाइपमधलं घर्षण, मग हेडवर हवा तो दाब. लोक म्हणतात टेरेसवर टाकी आहे की, पण टाकी हेडच्या फक्त एक मजला वर असली तर तिथे मिळणार ०.३ बार, त्यात शेवटच्या मजल्यावरचा हेड नीट शिंपडणारही नाही. म्हणून पंप. छोटा जॉकी पंप लाइनमधला दाब कायम धरून ठेवतो, बारीकसारीक गळती भरून काढतो. हेड फुटला की दाब जोरात पडतो, जॉकीला झेपत नाही, मग प्रेशर स्विच मेन पंप चालू करतो. लाइट गेली तर डिझेल पंप.

महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यात जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर, बिल्डरवर कायमची नाही, हे सोसायटीत कुणाच्या पचनी पडत नाही. यंत्रणा चालू आहे असं लायसन्स असलेल्या एजन्सीकडून लिहून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फायर ब्रिगेडला द्यायचं, हाच तो फॉर्म बी. नाही दिलं तर नोटीस, प्रकरण ताणलं तर पाणी-वीज तोडण्यापर्यंत अधिकार आहेत. आमच्याकडे आधीची एजन्सी हा कागद व्हॉट्सॲपवर पाठवायची. जिना चढून वर कुणी आलेलं मला तरी आठवत नाही, आणि आम्हीही खूश, कारण स्वस्तात पडायचं.

फॉल्स सीलिंगचं अजून एक. गरम हवा वर जाऊन छताला घासत पसरते, हेड त्या झोतात असला तरच लवकर तापतो. ऑफिसवाले खाली पीओपी करतात आणि हेड वरच राहतो, म्हणजे त्याला खालच्या आगीचा पत्ता लागेपर्यंत खेळ संपलेला. किंवा खोके हेडला टेकतील इतके रचतात, मग पाण्याची छत्री उघडतच नाही, खाली साधारण दीड फूट मोकळं लागतं.

जिन्याचं फायर डोअर तर आमच्याकडे तुळशीच्या कुंडीनं उघडं ठेवलेलं असतं, वारा येतो म्हणून. उंच बिल्डिंगमध्ये जिन्यात पंख्यानं ५० पास्कल जादा दाब ठेवतात, म्हणजे फक्त ५ मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा, पण धूर बाहेर थोपवायला तेवढा पुरतो. दार उघडं राहिलं की तो दाब निघून जातो आणि जिन्याचं धुराडं होतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून बरीच माणसं आग अंगापर्यंत पोचायच्या आधीच जातात. कुंडी मी तीनदा हलवली, तीनदा परत आली.

तर रविवारी आम्ही नवीन एजन्सीच्या माणसासमोर टेस्ट व्हॉल्व्ह उघडला, म्हणजे लाइनमधलं पाणी सोडून पंप उठतो का ते बघायला. दाबाचा काटा ७ बारवरून घसरत ३ वर आला, पंप ढिम्म. पॅनेल बघितलं तर स्विच मॅन्युअलवर. वॉचमन म्हणाला, साहेब, ऑटोवर ठेवला की रात्री दोन वाजता आपोआप सुरू होतो, लोक ओरडतात, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनीच सांगितलं. आपोआप का सुरू होतो? तर जॉकी पंप कधीचा जळालेला, दुसऱ्या मजल्यावरचा हायड्रंट व्हॉल्व्ह, म्हणजे फायर ब्रिगेडचा पाइप जोडायचा नळ, थेंबथेंब गळतोय, दाब हळूहळू उतरतो आणि शेवटी मेन पंपच उठून बसतो. म्हणजे यंत्रणा बिचारी बरोबर वागत होती, आणि आम्ही तिला गप्प केलं होतं.

जॉकी रिवाइंड करून आला, वॉशर बदलला, स्विच ऑटोवर टाकला. परत व्हॉल्व्ह उघडला, काटा पडला आणि कुणी हात न लावता पंप घुरघुरला. ड्रेनमधून आधी चहासारखं पाणी आलं, गंजाचा वास, मग हळूहळू स्वच्छ. वरून तिसऱ्या मजल्यावरचे काका ओरडले, अरे माझी गाडी भिजतीये खाली!